चांदणीपाशी थांबायचं

जेलरोडला, तोरण्यांच्या वरच्या खोलीत
सातला आम्ही जमतो सायंप्रार्थनेला.
सहा जण. कधी पाच.
मधे वाटीत मेणबत्ती, म्हणून पंखा बंद.

झेरॉक्सच्या पुस्तिकेत स्तोत्राच्या प्रत्येक ओळीमधे
एक चांदणी आहे.
तिथं थांबायचं, सिस्टर युफ्रेझिया सांगायच्या,
आपला श्वास घ्यायचा, शेजारच्याचा ऐकायचा.

रेमंडकाका कधीच थांबले नाहीत.
नोटप्रेसमधे छत्तीस वर्षं यंत्राच्या तालावर काढलेली;
आमचा श्वास भरून व्हायच्या आत
ते चांदणीपलीकडे, एकटेच,
देवाची पाळी सुटायच्या आत गाठायचं असल्यासारखे.
हसू दाबताना फ्लोरीचा चष्मा घसरायचा.

आज त्यांची खुर्ची कुणी हलवली नाही.
डावी बाजू म्हणजे फ्लोरी आणि मी.
खाली द्राक्षांचा टेम्पो रिव्हर्स घेत होता, बराच वेळ.

मग स्तोत्र. मग चांदणी.
आम्ही थांबलो, सगळे, अगदी बरोबर,
पहिल्यांदाच.

आणि ती शांतता इतकी लांबली
की पुढचा शब्द कुणी उचलायचा
कळेना.

शेवटी मीच घुसले,
अर्धा श्वास आधी.