साडेतीन तारे

सकाळी दहाला, जेनोआच्या बंदरामागच्या थिएटरात
आम्ही सात समीक्षक आणि सात ओले कोट.
हीटर बंद. पडदा उजव्या कोपऱ्यात उसवलेला,
त्यामुळे तिथं उभा राहील तो खुनी
थोडा फाटकाच दिसतो.

सिनेमातली बाई औषधं विकते.
मुलगा वसुलीवाल्यांकडे कामाला. घरी पैसे आणतो,
ती घेते. मोजून घेते.
एका रात्री तो बादलीत शर्ट भिजत घालतो
आणि ती विचारत नाही, कुणाचं रक्त;
म्हणते, गार पाणी घे, गरम पाण्यानं डाग बसतो.

पोलीस येतात तेव्हा
ती शेजारच्या पोराचं नाव सांगते.
त्याच पोराचं, ज्याला पहिल्या रिळात
तिनं खोकल्याचं औषध फुकट दिलं होतं.
मग भांडी घासत राहते.
सहा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं.

बाहेर छज्जाखाली फोकाच्चा खात निवाडे झाले.
पास्तोरिनो म्हणाली, दिग्दर्शकानं हात झटकले.
फादर चेलेस्ते म्हणाले, पश्चात्तापाचा एक तरी शॉट हवा होता,
आणि तेलकट बोटं रुमालाला पुसत राहिले
बोटं कोरडी झाल्यावरही.
दाढीवाला पोरगा म्हणाला मास्टरपीस. दर गुरुवारी म्हणतो.
मी गप्प. माझ्या वहीत होतं:
'भांड्यांचा प्रसंग विनाकारण लांबला आहे.'

संपादक ब्रुत्सोने फोनवर: किती तारे?
साडेतीन.
अर्धा कुणाचा कापलास, बाईचा की सिनेमाचा?
थट्टाच होती. तो जाहिरातीची जागा मोजत होता.

छत्री विसरलो म्हणून परत गेलो.
एर्सिलिया खुर्च्यांखाली झाडत होती.
सव्वीस वर्षं तिकिटं फाडते ती इथं,
आणि गिऱ्हाईक बसलं, हिशोब झाला की
शेवटचा अर्धा तास दाराशी उभी राहून बघते.
सगळे सिनेमे असेच.
त्यामुळे तिला गुन्हे ठाऊक नसतात,
नंतरचं तेवढं ठाऊक असतं.

कसा वाटला?
'ते तुम्ही सांगायचं, पेपरात.'
मग सुपलीत केर लोटत, माझ्याकडे न बघता,
'भांड्यांचं बरोबर आहे.
ताट लगेच निघतं हो. आपले हात थांबत नाहीत.'

कधी, कुठली भांडी,
मी विचारलं नाही.
छत्री घेतली, पाऊस फार आहे म्हणालो.
डोंगर चढणाऱ्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं,
मीही गार पाण्याचंच बोललो होतो.

रात्री ती ओळ खोडली.
रकान्यात पाच शब्दांची खिंड पडली,
तिथं लिहिलं: 'छायाचित्रण उत्तम. संगीत प्रसंगाला साजेसं.'
पश्चात्तापाचा शॉट म्हणतात तो हाच असेल
तर फादरना दाखवायला हवा.
तारे साडेतीनच राहिले.

शनिवारी गेलो तर
तिकीटखिडकीच्या काचेवर कात्रण चिकटवलेलं,
एर्सिलियाच्या हातचं, चारी कोपरे नीट,
तारे बाहेर
आणि मजकूर मागं दुमडून.