माप

चारकोपच्या बैठ्या घरात, पुढच्या खोलीत,
दिवाण होता तिथे आता पठाण आहे.
म्हणजे कणा, बोटीचा. शब्द ऋजुताचा,
तिला मढच्या एका म्हाताऱ्या सुतारानं दिलेला.
एकोणीस फूट लांब, पोटाशी साडेसात फूट रुंद.
दरवाजा तीन फुटी.
मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.
ती म्हणाली, बाबा, दरवाज्याचं शेवटी बघू.

जुलैत इपॉक्सी सुकेना.
प्लायवर चिकट साय धरायची.
टेबलफॅन, दोन हॅलोजन,
आणि रात्री अडीचला उठून बोटाच्या पाठीनं तपासायचं,
तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तसं.
शेजारच्या तांडेलबाईंनी वासाची तक्रार केली, लेखी.
मग एक दिवस स्वतःच आल्या, नाकाला पदर लावून,
आणि शिकंजे आवळत बसल्या दोन तास.

मी शिंपी. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश.
शीड माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं, सरळ काम:
तीन टोकं, सात पट्टे, झिगझॅग टीप.
पण शीड सपाट नसतं.
कापडाला पोट द्यावं लागतं, पुढच्या अंगाला,
ब्लाउजच्या टक्ससारखं, चोरून.
आणि गिऱ्हाईक मापाला उभं राहत नाही.
आज खाडीवरून येतं, उद्या येतच नाही,
परवा असं येतं की खांदे मावत नाहीत कशात.
तीनदा उसवलं.
चौथ्यांदा मैदानात नेऊन गोलपोस्टला बांधलं.
पोरांचा खेळ थांबला.
शीड भरलं,
आणि गोलपोस्ट चार बोटं सरकला.

शर्यत एकटीची. एक पेला, एक चमचा,
झोप वीस मिनिटांची, गजर लावून.
टूथब्रशची दांडीसुद्धा कापली तिनं.
मी शिडाच्या पिशवीला आतून एक खिसा शिवला होता.
कशासाठी, ते विचारलं नाही. म्हणाली, किती ग्रॅम?
रात्री बसून काढला. दोरा लाल होता, अजून डबीत आहे.

डिसेंबरात भिंत पाडली, रस्त्याकडची, खिडकीसकट.
चौदा माणसं, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा,
तांडेलबाई पुढे, रिक्षा अडवत.
आधी नाळ निघाली, मग छाती. तिथे अडली.
कोणीतरी म्हणालं, श्वास रोखा.
सगळ्यांनी रोखला. मला वाटतं, तिनंही.
घरात मावत नव्हती;
मार्व्याच्या पाण्यात शोधावी लागली.

आता फरशीवर इपॉक्सीचे थेंब आहेत,
ओळीनं, कच्च्या टिपेसारखे. त्यातून आकार दिसतो.
केर काढताना मी काठाकाठानं काढतो.
समोर उघडा रस्ता. दुपारी एक कुत्रं आत येऊन बसतं,
बरोबर सुकाणूच्या जागी.
मोबाइलवरचा ठिपका सहा तासांनी हलतो.
काल नाही हलला. मग रात्री दोनदा हलला.

गवंडी आज पुन्हा आला.
विटा आल्यात काका, म्हणाला,
खिडकी केवढी ठेवायची?
मी गळ्यातला टेप काढला.