दरपत्रक

पहिल्या ठिकाणी गालिचा इतका जाड
की माझ्या बुटांनाही आवाज फुटेना.
"आधी बसा. आकड्यांचं मागाहून बघू,"
म्हणत गृहस्थांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला
आणि शवपेट्यांच्या दालनात नेलं.
दिवे असे लावलेले, की महॉगनी तेवढी उजळावी.
स्वस्तातली राखाडी पेटी दाराआड उभी,
शिक्षा झालेल्या पोरासारखी.

सव्वीस वर्षं मी ट्रकच्या सुट्या भागांच्या काउंटरवर आहे.
गिऱ्हाईक घाईत असलं की काय काय खपवता येतं
ते मला नका शिकवू.
"दरपत्रक द्या. छापील. घरी न्यायचंय."
"म्हणजे, वडिलांसाठीसुद्धा…" म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडलं.
मढ्याच्या टाळूवरचं लोणी,
पण चांदीच्या चमच्यानं.

माझे वडील, तोइवो लेहतिनेन.
डुलुथच्या खनिज-धक्क्यावर एकेचाळीस वर्षं.
कॉफीचा चोथा दुसऱ्यांदा उकळायचे,
आणि चिल्लर जास्त आली तर
बर्फातून अर्धा मैल परत जायचे.

गाडीचा हीटर तापेपर्यंत रडून घेतलं.

दुसरीकडे फोन. "फोनवर दर सांगत नाही आम्ही."
"सांगावे लागतात, बाई. कायदा आहे."
पलीकडे ऑर्गनची टेप वाजत राहिली.

तिसरा, स्कोग्लुंड नावाचा, सर्दी झालेला पोरगा
नाक ओढत ओळन् ओळ वाचत गेला.
मूळ सेवाशुल्क: "हे टळत नाही, खोटं कशाला सांगू?"
देहाला रसायन भरणं: "लगेच पुरणार असाल तर नको. सक्ती नाही."
"पेटी आम्हीच आणली तर?"
"आणा की. तिचे जादा पैसे मला लावता येत नाहीत."

मग रेइनोला फोन केला.
भाऊ. सुतार. अकरा महिन्यांचा अबोला.
तो बराच वेळ गप्प. मग विचारलं,
"उंची किती होती गं त्यांची?"
मला ठाऊक नव्हतं. त्यालाही.
"सौनातला वरचा बाक मोज," मी म्हटलं,
"तो त्यांनी आपल्यापुरताच कापला होता."

बिलात 'पेटी'समोर आडवी रेघ आली.
पाइनचं लाकूड त्याच्या शेडमधलं,
स्क्रू तेवढे विकतचे: अकरा डॉलर, चाळीस सेंट.
अर्धे घ्यायला तो तयार होईना.
मी खिशात कोंबले,
आणि पावती मागितली.
त्यानं फळीच्या तुकड्यावर पेन्सिलनं लिहून दिली.