पाचवं नख

निरोप तोंडीच आला, कागदावर नाही.
युवराजांच्या ड्रॅगनना पाचवं नख भरायचं,
परवा पहाटेच्या आत.
मी का म्हणून विचारलं नाही,
खोजानं सांगितलं नाही.
जाताना फक्त दार ओढून घ्यायला विसरला.

जोसनच्या या राजवाड्यात हे पोरीटोरींनाही पाठ:
राजाला पाच नखं, युवराजाला चार,
नातवाला तीन.
आम्हाला दहा बोटं, आणि त्यांत कुणाचीही अंगठी नाही.

निळ्या झग्यावरून उसवून आणलीत चार वर्तुळं,
छातीचं, पाठीचं, दोन खांद्यांची.
ती आता लाल झग्यावर चढतील.
नवी भरायला चार महिने लागतात.
चार महिने कुणाकडे नाहीत.

चार ड्रॅगन, प्रत्येकाचे चार पंजे.
म्हणजे सोळा नखं,
तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी.

सोन्याची तार कापडातून ओवत नाहीत.
वरच निजवायची,
आणि झोपेत बडबडणाऱ्याला कुशीवर वळवावं
तशी हळूच वळवत
लाल रेशमाच्या टाक्यांनी जागच्या जागी बांधायची.

मालगुम दिवा धरून बसली आहे. वय सात.
विचारते, बाई, राजे बरे होतील ना?
मी म्हणते, वात वर कर.

तीन अंगणं पलीकडे राजा अजून श्वास घेतोय.
काल पेजेची वाटी अर्धी परत आली.
म्हणजे अर्धी तरी गेली पोटात.

हाच राजा गादीवर आला तेव्हा
हे दालन असंच जागं होतं,
आणि दिवा माझ्या हातात होता.
त्याच्या वडलांना त्या रात्री अजून तहान लागत होती.
हे कुठे लिहिलेलं नाही.
बखरनवीस राजाची शिंकसुद्धा टिपून ठेवतात,
पण सुईला कुठे आवाज असतो?

पंधरा झाली.
सोळावं डाव्या खांद्यावरचं, मागच्या पंजाचं.
तार बोटाला गुंडाळून थांबले.
म्हटलं, मालगुम, मुदपाकखान्यात जाऊन बघ,
आजची वाटी कशी आली.

पोर धावली, आणि दिवाही घेऊन गेली.

काळोखात मी चाचपून
त्या शेवटच्या पंजावर अंगठा ठेवला.
एक, दोन, तीन, चार.
तेवढा एक पंजा
अजून युवराजाचा होता.