दुसरी किल्ली

ताल्काहुआनोच्या या टेकडीवर
ज्या ज्या खिडकीला गज आहेत
ते बहुतेक माझ्या हातचे.
बारा मिलिमीटरची सळई, चार बोटं अंतर,
वर भाल्यासारखं टोक, हवं असेल तर.
टोकाचे पैसे वेगळे.

लोक भीती घेऊन येतात, मी माप घेऊन जातो.
संप लांबला, चौकात बस जळाली
की त्या आठवड्यात माझ्या दारी रांग.
समुद्र गप्प, सरकारही गप्प असलं
की मी कोंबड्यांची खुराडी जोडतो.

त्या रात्री जमीन अशी हलली
की खालून कुणी चाळण धरून
आम्हाला चाळत होतं.
दिवे गेले. मग कुत्री ओरडली.
मग एक अख्खं मिनिट काहीच नाही.
मग टेकडीभर एकच खडखडाट:
माणसं आतून माझे गज हलवत होती.

चौकटी तिरक्या झालेल्या,
कुलपांना दातखीळ बसलेली.
ओर्तेन्सिया कायुपानच्या दाराला तर मी
तीन कड्या लावल्या होत्या, तिसरी फुकट,
तिच्या नवऱ्याशी दोस्ती होती म्हणून.
वीज नाही म्हणजे यंत्र नाही.
हातकरवतीनं कापत बसलो.
ती आतून मोबाईलचा उजेड धरून उभी,
आणि खाली बंदरात पाणी मागे सरकतंय
असं कुणीतरी बोंबलत होतं.
"चांगलं काम केलंयस रे," ती म्हणाली.
टोमणा नव्हता.
तेच जास्त लागलं.

पुढचे चार दिवस भीती दुसरी.
म्हणे खालच्या वस्तीतले लोक लुटायला येतायत.
आम्ही फ्रिज, गाद्या, एक मोडकी होडी
रस्त्यात आडवी घातली,
दंडाला पांढरी फडकी बांधली, काठ्या घेऊन जागलो.
चौथ्या दिवशी कळलं,
खालच्यांनीही होडीच आडवी घातली होती,
फडकी पिवळी,
वरून आम्ही येऊ म्हणून.

तेव्हापासून गज करतो, पण एक झडप बिजागरीवर.
आतून कडी, बाहेरून कुलूप, किल्ल्या दोन.
एक तुमची. दुसरी कुणाकडे राहणार
ते नाव आधी सांगायचं, ही माझी अट.
गिऱ्हाईक पाण्याचे कॅन मोजून दाखवतं,
डाळीचे डबे, मेणबत्त्या, रेडिओचे सेल,
सगळं तोंडपाठ.
या एका प्रश्नापाशी अडतं.
भावाकडे? भाऊ सान्तियागोला.
शेजारी? ते मत कुणाला देतात ते माहीत आहे.
दोन घरांत भिंत एकच, तिच्यातून
एकमेकांचा खोकला ओळखतात,
पण किल्ली म्हणजे फार झालं.

म्हातारा वेन्सेस्लाओ सगळ्यात जास्त वेळ गप्प होता.
चहा निवला. रस्त्यावरून चार जण गेले.
कलिंगड ठोकून बघावं तसं
त्यानं एकेकाकडे बघितलं.
मग किल्ली माझ्याकडे सरकवली.
"तूच ठेव. कुठे कापायचं
ते तुला तरी ठाऊक आहे."

असं करता करता एकतीस झाल्या.
दुकानात खिळ्याला जुडगा,
प्रत्येकीवर रंगाचा ठिपका.
नावं लिहायची नाहीत एवढी अक्कल आहे.
काल बायको भांडी पुसता पुसता म्हणाली,
उद्या खरंच कुणी लुटायला आलं
तर आधी कुठे येईल?

मी हसलो.
मग उठून आमच्याच दाराचं माप घेतलं.

आता काम झालंय. रंग ओला आहे.
टेबलावर दोन किल्ल्या, तेलकट, नव्या.
आणि मी खिडकीशी.
चढावर ओर्तेन्सिया येतेय,
दोन्ही हातांत पिशव्या,
मध्येच थांबून दम खातेय.