अर्धा किलो

मसाला मार्केटातल्या गाळ्यावरून
शेठना विचारून मी एक वजन उचललं.
पाचशे ग्रॅमचं, लोखंडी,
बुडाला शिक्क्याचं शिसं, कडेला हळद.
काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे,
वजनं पंख्याखालचे कागद दाबायला.
"काय तोलायचंय?"
"चाप," म्हटलं.
त्यांना ते जिऱ्याच्या कुठल्या प्रतीचं नाव वाटलं असावं.
मान हलवून पुन्हा फोनवर भाव बोलू लागले.

सानपाड्याच्या क्लबात वर्षभर
मी सगळ्यांचं पिस्तूल वापरलं.
सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही.
मुठीचं लाकूड उजव्या हातासाठी कोरलेलं
आणि माझा हात डावा.
तांडेल सर म्हणाले, "ताई, आता स्वतःचं घ्या.
पण नव्याकडे बघू नका.
बघितलंत तर बघतच राहाल."

नवं एक लाख ऐंशी हजार.
मी महिना बावीस,
त्यात लेकीची फी, फ्रिजचा हप्ता.
स्प्रिंगवालं अकरा हजारात मिळतं,
पण सुटताना झटका देतं.
छर्रा नळीबाहेर पडायच्या आत, सर म्हणतात,
हात खोटं बोलून मोकळा होतो.
मी हिशेब लिहिते. खोटं कुठं लपतं ते मला कळतं.
अकरा हजारांवर काट मारली.

वाशीचे कारखानीस, कस्टममधून निवृत्त,
डोळ्यांनी दगा दिला म्हणून विकत होते.
मेणकापडावर पेटी उघडली.
"मुलगा कितवीत आहे?"
"माझ्यासाठी हवंय."
ते काही बोलले नाहीत.
चष्मा काढून पुसला, परत लावला,
आणि पेटी माझ्याकडे वळवली.

सिलिंडरवर तारीख होती, मिरचीपुडीच्या पाकिटावर असते तशी बारीक.
मार्चमध्ये संपलेली.
मी नुसतं बोट ठेवलं.
बेचाळीसचे छत्तीस झाले.

मग पिशवीतून वजन काढलं, सुतळीने बांधलं.
नळी छताकडे, रिकामी, दोनदा बघितलेली.
सुतळी चापात अडकवून हळूहळू वर उचललं.
वजन टेबलावरून उठलं.
हळदीचा गोल तिथेच राहिला.
चाप सुटला नाही.
कारखानीस काकू आतून म्हणाल्या,
"अहो, भाजीवाली आलीय का?"

डाव्या हाताची मूठ परदेशातून येते, अठरा हजारांना.
मी कोपरखैरण्याच्या पांचाळांकडे गेले,
जे चौकटी करतात.
त्यांनी दारांना भरायची लांबी
मळून माझ्या हातात दिली. "दाबा."
याच हाताला दुसरीत बाईंनी
फडकं बांधलं होतं, महिनाभर.
मी दाबलं.
चारही बोटं उमटली,
करंगळीचं वाकडं हाडसुद्धा.
"डावी मूठ जमेल ना?" विचारलं.
"डावं दारही असतंच की," पांचाळ म्हणाले,
"बिजागरी फक्त इकडची तिकडे."
चार खेपा, तीन नंबरचे पॉलिशपेपर, चौदाशे रुपये.

रात्री भांडी झाली की
स्वयंपाकघराच्या भिंतीवर, टिकलीएवढ्या काळ्या ठिपक्यापुढे उभी राहते.
छर्रा नाही, हवा नाही, नुसता चाप.
रोज साठ वेळा.
नवरा म्हणतो, हिचा काही नेम नाही.
लेक म्हणते, आहे की, रोज साडेदहाचा.

पहिल्या रविवारी खऱ्या कागदावर
सहा. मग चार. मग आठ.
मग कागदच नाही.
तांडेल सरांनी काही सांगितलं नाही,
खांद्याला बोट लावून तो जरा खाली केला.

कारखानीसांचा काल फोन आला.
"एक सांगायचं राहिलं हो,
ते जरा उजवीकडे मारतं."
"माझ्याकडे डावीकडे मारतंय."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग खोकल्यासारखं हसू.
"मग ती वीस वर्षं," ते म्हणाले, "मीच असणार."

वजन अजून परत केलेलं नाही.
शेठचे कागद उडतात.
त्यांनी दोनदा विचारलं.