पसंतीक्रम

जरीमरीच्या सायबर कॅफेत, शेवटच्या तारखेला,
अर्ज विचारतो: भूदल, नौदल, हवाई दल.
पसंतीनुसार एक, दोन, तीन घाला.
चौकट रिकामी सोडता येत नाही.

बाकीचं भरून झालंय.
बारावीचा बैठक क्रमांक, ओळखीची खूण:
डाव्या कोपरावर इस्त्रीचा डाग.
वडिलांचा व्यवसाय, मी लिहिलं, विमानतळ कर्मचारी.
खरं म्हणजे आप्पा धावपट्टीच्या कडेला उभे राहून
घारी हाकतात.

मयेकरकाका तेवीस वर्षं जहाजांवर होते.
ते म्हणतात, नेव्ही घाल, डोळे झाकून.
हवाई दलाची धावपट्टी सकाळी जिथे सोडली
संध्याकाळी तिथेच सापडते.
आमची पुढे निघून गेलेली असते, पोरी,
तिला समुद्रात शोधायचं आणि मग तिच्यावर उतरायचं.
सांगताना त्यांनी बशी हलवत हलवत पुढे नेली
आणि तळहाताचं विमान तिच्यावर आणलं.
चहा चादरीवर सांडला. काकू आतून काहीतरी बोलल्या.

घोलपमामा रेल्वेत फिटर,
वर्षातून काही दिवस टेरिटोरियल आर्मीत हवालदार.
त्यांचं म्हणणं, आधी पोटाची नोकरी, वर्दी जोडीला.
आणि उडायचं कधी?
आमच्यात फक्त रजा उडते, म्हणाले.
मग जरा थांबून:
लष्कराचीही हेलिकॉप्टरं असतात गं,
बर्फावर रॉकेल पोचवतात,
येताना पाय गेलेला पोरगा खाली आणतात.
हे सांगताना हसले नाहीत.

ग्लेनिस परेरा मैसूरला जाऊन आलेली, पाच दिवस.
तिथे एक यंत्र असतं.
हातात दांडा, पायाखाली पट्ट्या,
समोर पळणारा ठिपका, कानात आकडे.
ते जन्मात एकदाच देता येतं.
चुकलं की हवाई दलात पायलट म्हणून पुन्हा कधीच नाही,
ऑक्टोबरची परीक्षा वगैरे काही नाही.
ग्लेनिसचा ठिपका डावीकडे गेला.
आता ती मरोळच्या बँकेत असते, बरी असते.
विमान डोक्यावरून गेलं की वाक्य तिथेच थांबवते,
आवाज सरला की पुढचा शब्द.
पण तसं आमच्याकडे सगळेच करतात म्हणा.

आईने ब्लाउजच्या मापाची टेप काढली,
मला भिंतीशी उभं केलं.
एकशे साडेबासष्ट लागते.
तिने दोनदा मोजलं. एकशे त्रेसष्ट.
पाय मोजले, मांडी मोजली, बसवून पाठ मोजली,
वहीत लिहिलं, आणि सवयीने विचारलं,
शिलाईत किती सोडू?

आप्पांना रात्री विचारलं.
ते हाताला लागलेला दारूचा काळा घासत होते,
फटाक्यांची दारू, साबणाने जात नाही.
बराच वेळ नळ चालू राहिला.
म्हणाले, सोळा वर्षं मी उडणाऱ्यांना एवढंच सांगतोय,
इथून जा.
कुठे जा, ते मला कुठं माहीत?

हवाई दलापुढे मी एक घातला.
मयेकरकाकांचं बोलणं जास्त चांगलं होतं, मान्य आहे.
पण तो ठिपका मला बघायचाय,
माझ्या हाताखाली कुणीकडे जातो ते.
नौदल दोन.
भूदलापुढे तीन घालताना बोट अडलं,
तो पोरगा बर्फात वाट बघत असल्यासारखा.

मग मागच्या पानावर गेले.
वडिलांचा व्यवसाय खोडला, लिहिलं, पक्षी हाकणे.
असं कोण लिहितं, कॅफेवाला झुबेर म्हणाला.
वरून विमान आलं, चाकं मोजण्याइतकं खाली,
म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

प्रिंटचे दहा रुपये.
शाई संपत आलेली.
दोन आणि तीन ठळक उमटले,
एक उजेडात धरून बघावा लागतो.